काट्रिने लुंडे : तेवीस वर्षे गोलपोस्टपुढे

नॉर्वेची हँडबॉल गोलरक्षक काट्रिने लुंडे हिने डिसेंबर २०२५ मध्ये विश्वविजेतेपदाच्या सुवर्णपदकासह राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. तेव्हा तिचे वय ४५ वर्षांचे होते. २००२ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळलेल्या या खेळाडूने पाच ऑलिम्पिक स्पर्धांत भाग घेतला आणि पाचही वेळा ती पदक घेऊन परतली. त्यांपैकी तीन पदके सुवर्ण आहेत. युरोपातील क्लब हँडबॉलचा सर्वोच्च मान समजल्या जाणाऱ्या चॅम्पियन्स लीगचे विजेतेपद तिने तीन वेगवेगळ्या क्लबांकडून खेळताना सात वेळा मिळवले.

महिला हँडबॉलमध्ये प्रसिद्धीचा झोत बहुधा गोल करणाऱ्या खेळाडूंवर असतो. लुंडेची कारकीर्द मात्र गोल अडवण्यातून घडली. व्यावसायिक महिला हँडबॉलने या दोन दशकांत गाठलेली उंची तिच्या वाटचालीत दिसते, तशीच त्या खेळाची आर्थिक दुर्बलताही दिसते. तीन वर्षे सलग युरोप जिंकणारा तिचा क्लब त्यानंतर दोन वर्षांच्या आत दिवाळखोरीत निघाला.

खेळ आणि गोलरक्षकाचे काम

हँडबॉलचे मैदान ४० मीटर लांब व २० मीटर रुंद असते. प्रत्येक संघात गोलरक्षकासह सात खेळाडू असतात आणि सामना ३० मिनिटांच्या दोन सत्रांत खेळला जातो. गोलपोस्टची रुंदी ३ मीटर व उंची २ मीटर असते. गोलपोस्टपुढे ६ मीटर अंतरावर आखलेल्या रेषेच्या आत केवळ गोलरक्षकालाच उभे राहता येते. आक्रमक खेळाडूला या रेषेच्या बाहेरून उडी घेऊन हवेतच चेंडू फेकावा लागतो. महिलांच्या सामन्यातील चेंडूचा परीघ ५४ ते ५६ सेंटिमीटर आणि वजन ३२५ ते ३७५ ग्रॅम असते.

ताशी ९० किलोमीटर वेगाने फेकलेला चेंडू ९ मीटरचे अंतर सुमारे एक तृतीयांश सेकंदात कापतो. ६ मीटरवरून तो पाव सेकंदातच गोलपोस्टपर्यंत पोहोचतो. चेंडू हातातून सुटल्यावर हालचाल सुरू करणाऱ्या गोलरक्षकाला तो बहुतेक वेळा सापडत नाही. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचा खांदा, मनगट, उडीची दिशा आणि त्याच्या समोर उभ्या असलेल्या बचावपटूची जागा यांवरून चेंडू कोठे येणार, याचा अंदाज आधीच बांधावा लागतो. गोलरक्षक हात आणि पाय दोहोंचा वापर करते. आपल्या दिशेने आलेल्या दर तीन चेंडूंपैकी एक अडवणारी गोलरक्षक चांगली मानली जाते. याचाच दुसरा अर्थ असा, की उत्तम दिवशीही तिने अडवलेल्या चेंडूंपेक्षा झालेले गोल अधिक असतात. सामना चालू असताना हे अपयश विसरून पुढच्या चेंडूकडे पाहण्याची मनोवृत्ती या जागेसाठी शारीरिक चपळाईइतकीच आवश्यक ठरते.

अनुभवाला येथे जे महत्त्व आहे, ते मैदानावरील अन्य कोणत्याही जागेला नाही. धावणे व उडी यांवर अवलंबून असणारे आक्रमक खेळाडू साधारणपणे पस्तिशीच्या आसपास निवृत्त होतात. गोलरक्षकाच्या बाबतीत प्रतिस्पर्ध्यांच्या सवयींची वर्षानुवर्षे साठत गेलेली माहिती कमी होत जाणाऱ्या वेगाची भरपाई करू शकते. लुंडेच्या दीर्घ कारकिर्दीचे एक कारण यात आहे.

क्रिस्टियानसानच्या जुळ्या बहिणी

काट्रिने लुंडेचा जन्म ३० मार्च १९८० रोजी नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरील क्रिस्टियानसान या बंदराच्या शहरात झाला. तिची जुळी बहीण क्रिस्टिने हीदेखील पुढे आंतरराष्ट्रीय हँडबॉलपटू झाली. क्रिस्टिने मध्यभागी राहून आक्रमणाची आखणी करणारी खेळाडू, तर काट्रिने गोलपोस्टपुढची. परिसरातील लहान क्लबांतून दोघींची सुरुवात झाली.

सुमारे ५५ लाख लोकसंख्येच्या नॉर्वेमध्ये हँडबॉल हा मुलींचा अत्यंत लोकप्रिय खेळ आहे. थंडीच्या दीर्घ महिन्यांत बंदिस्त सभागृहात खेळता येणारा हा खेळ गावोगावच्या क्लबांमधून शिकवला जातो. १९८८ व १९९२ च्या ऑलिम्पिकमध्ये राष्ट्रीय महिला संघाने मिळवलेल्या रौप्यपदकांमुळे या खेळाला देशभर प्रतिष्ठा लाभली. लुंडे भगिनी वाढल्या त्या याच काळात. गोलरक्षणाची परंपराही तेथे पक्की होती. नॉर्वेची सेसिली लेगांगर हिला २००१ मध्ये जगातील सर्वोत्कृष्ट महिला हँडबॉलपटू म्हणून गौरवण्यात आले होते.

काट्रिनेने २००२ मध्ये राष्ट्रीय संघात पदार्पण केले. १९९४ पासून संघाची सूत्रे सांभाळणाऱ्या मारित ब्रैविक तेव्हा प्रशिक्षक होत्या. स्वीडनचे नामवंत माजी गोलरक्षक मॅट्स ओल्सन यांनी नॉर्वेच्या गोलरक्षकांना दीर्घकाळ प्रशिक्षण दिले. त्यांच्या मार्गदर्शनाचा लाभ लुंडेलाही झाला. नॉर्वेचा संघ २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकसाठी पात्र ठरू शकला नाही. त्यामुळे लुंडेला ऑलिम्पिकचे मैदान पाहण्यासाठी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत थांबावे लागले.

डेन्मार्क आणि हंगेरी

२००४ मध्ये दोघी बहिणी डेन्मार्कमधील आल्बोर्ग क्लबकडे गेल्या आणि २००७ मध्ये त्याच देशातील विबोर्ग क्लबमध्ये दाखल झाल्या. डेन्मार्कची महिला लीग त्या काळात युरोपातील सर्वांत बलाढ्य लीगपैकी एक होती. विबोर्गने २००९ मध्ये हंगेरीच्या ग्यॉर संघाला आणि २०१० मध्ये रुमानियाच्या ओल्टकिम वल्चा संघाला अंतिम फेरीत हरवून सलग दोनदा चॅम्पियन्स लीग जिंकली.

ज्या ग्यॉर संघाला तिने २००९ मध्ये विजेतेपदापासून रोखले होते, त्याच संघाने २०१० मध्ये तिच्याशी करार केला. मोटारींचे इंजिन बनवणाऱ्या कारखान्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या औद्योगिक शहरात महिला हँडबॉलला मोठा पाठिंबा होता. मात्र युरोपीय विजेतेपदाने क्लबला सतत हुलकावणी दिली होती. २०१२ च्या अंतिम फेरीत माँटेनेग्रोच्या बुडुच्नोस्ट संघाशी दोन सामन्यांची एकूण गोलसंख्या समान राहिली आणि परक्या मैदानावरील गोलांच्या नियमामुळे ग्यॉरला हार पत्करावी लागली. अखेर २०१३ मध्ये ग्यॉरने पहिल्यांदा चॅम्पियन्स लीग जिंकली. २०१४ मध्ये, बुडापेस्टमध्ये एकाच ठिकाणी अखेरचे चार संघ खेळवण्याच्या नव्या पद्धतीच्या पहिल्याच वर्षी, बुडुच्नोस्टला हरवून त्यांनी हे विजेतेपद राखले.

पाच ऑलिम्पिक, पाच पदके

बीजिंग येथे २००८ मध्ये नॉर्वेने महिला हँडबॉलमधील आपले पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवले. उपांत्य फेरीत दक्षिण कोरियाविरुद्ध कर्णधार ग्रो हामरसेंगने अगदी अखेरच्या क्षणी केलेल्या गोलामुळे नॉर्वेचा २९-२८ असा निसटता विजय झाला. अंतिम सामन्यात रशियाचा ३४-२७ असा पराभव करताना संघाला फारसे झगडावे लागले नाही. लुंडे भगिनी एकाच संघातून ऑलिम्पिक विजेत्या ठरल्या.

लंडनमध्ये २०१२ साली वाट अधिक खडतर होती. थोरिर हेर्गेइर्सन यांच्या मार्गदर्शनाखाली उतरलेला नॉर्वेचा संघ गटात चौथ्या स्थानावर राहून कसाबसा पुढे गेला. उपांत्यपूर्व फेरीत आपल्या गटात अव्वल ठरलेल्या ब्राझीलला २१-१९ असे नमवल्यावर संघाला सूर सापडला. दक्षिण कोरियाला ३१-२५ आणि अंतिम सामन्यात माँटेनेग्रोला २६-२३ असे हरवून नॉर्वेने सुवर्णपदक राखले. हँडबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याला २० गोलांच्या आत रोखणे दुर्मीळ असते. ब्राझीलविरुद्धचा सामना नॉर्वेच्या बचावाने आणि गोलरक्षणाने जिंकला होता.

रिओ येथे २०१६ मध्ये उपांत्य फेरीत रशियाकडून जादा वेळेत ३७-३८ अशी हार झाली आणि नेदरलँड्सला ३६-२६ असे हरवून नॉर्वेने कांस्यपदक मिळवले. करोनामुळे २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्येही रशियाच्या खेळाडूंच्या संघानेच उपांत्य फेरीत २७-२६ असा एका गोलाने घात केला. त्यानंतर स्वीडनविरुद्ध ३६-१९ असा मोठा विजय मिळवून पुन्हा कांस्यपदक हाती आले.

पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी, २०२४ मध्ये, लुंडे ४४ वर्षांची होती. स्वीडनविरुद्धचा सलामीचा सामना नॉर्वेने २८-३२ असा गमावला. त्यानंतर मात्र एकही सामना संघाने हातचा जाऊ दिला नाही. उपांत्यपूर्व फेरीत ब्राझीलला केवळ १५ गोलांवर रोखण्यात आले. उपांत्य फेरीत डेन्मार्कवर २५-२१ असा विजय मिळाला. लील शहरातील अंतिम सामन्यात ऑलिम्पिक विजेता आणि विश्वविजेता असलेल्या यजमान फ्रान्सला, त्याच्याच प्रेक्षकांसमोर, २९-२१ असे हरवण्यात आले. पहिल्या आणि तिसऱ्या सुवर्णपदकात १६ वर्षांचे अंतर होते. बीजिंगच्या संघात तिच्यासोबत खेळलेली एकही खेळाडू पॅरिसच्या संघात उरली नव्हती.

दुखापत, मातृत्व आणि पुनरागमन

या यशाच्या मधल्या काळात एक मोठी पोकळी आहे. २०१३ ते २०१५ या वर्षांत खांद्याची दुखापत आणि नंतर मातृत्व यांमुळे लुंडे राष्ट्रीय संघापासून दूर राहिली. गोलरक्षकाला प्रत्येक सरावात अतिशय जवळून येणारे शेकडो चेंडू झेलावे लागतात. हात झटक्यात वर नेणे आणि ताणलेल्या हातावर चेंडूचा आघात सोसणे यामुळे खांद्यावर मोठा ताण पडतो. त्यामुळे खांद्याची दुखापत कारकीर्द संपवू शकते.

तिच्या अनुपस्थितीत नॉर्वेचा संघ थांबला नव्हता. कारी ऑल्विक ग्रिम्सबो आणि सिल्ये सोलबर्ग या गोलरक्षकांसह त्याने २०१४ ची युरोपीय स्पर्धा आणि २०१५ ची विश्व स्पर्धा जिंकली. म्हणजेच पस्तीस वर्षांच्या, दुखापतीतून सावरणाऱ्या आणि नुकत्याच आई झालेल्या खेळाडूसाठी जागा राखून ठेवण्याचे कोणतेही कारण संघापाशी नव्हते. रशियातील रोस्तोव्ह-डॉन क्लबकडून तिने पुन्हा खेळायला सुरुवात केली आणि रिओच्या संघात स्थान मिळवले. २०१७ च्या विश्व स्पर्धेत नॉर्वेला रौप्यपदक मिळाले, तेव्हा स्पर्धेच्या सर्वोत्तम संघात गोलरक्षक म्हणून तिचीच निवड झाली.

तिच्या पुनरागमनाच्या सुमारास खेळाचे नियमही बदलले. जुलै २०१६ पासून गोलरक्षकाला बाहेर बोलावून तिच्या जागी सातवा आक्रमक खेळाडू उतरवणे सोपे झाले. त्यामुळे गोलरक्षकांना आक्रमणाच्या वेळी राखीव खेळाडूंच्या बाकाकडे धावणे, चेंडू गमावताच परत गोलपोस्टकडे धाव घेणे आणि प्रतिस्पर्ध्याचा गोलपोस्ट मोकळा दिसताच मैदानाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकापर्यंत चेंडू फेकणे ही नवी कामे करावी लागली. २०२२ पासून गोलरक्षकाच्या डोक्यावर चेंडू मारणाऱ्या खेळाडूला दोन मिनिटे बाहेर बसवण्याची तरतूदही झाली. जुन्या नियमांत घडलेल्या लुंडेने या बदलांशी जुळवून घेतले. चेंडू अडवताच पुढे धावणाऱ्या सहकाऱ्याकडे लांब व अचूक फेक करणे, हे तर नॉर्वेच्या वेगवान प्रतिआक्रमणाचे मूळच आहे.

घरच्या शहरात युरोपचा मान

२०१७ मध्ये लुंडे क्रिस्टियानसानला परतली आणि वायपर्स या क्लबमध्ये दाखल झाली. तोवर नॉर्वेच्या लीगवर लार्विक क्लबचे वर्षानुवर्षे वर्चस्व होते. २०११ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकणारा तो नॉर्वेचा पहिला क्लब होता. वायपर्सने २०१८ मध्ये ही मक्तेदारी मोडली आणि २०२४ पर्यंत सलग सात वेळा राष्ट्रीय लीग जिंकली.

लार्विकला युरोपीय विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक ओले गुस्ताव येकस्टाद यांनीच वायपर्सलाही त्या पंक्तीत नेले. बुडापेस्ट येथील अंतिम सामन्यांत वायपर्सने २०२१ मध्ये फ्रान्सच्या ब्रेस्टला ३४-२८, २०२२ मध्ये ग्यॉरला ३३-३१ आणि २०२३ मध्ये हंगेरीच्याच फेरेन्त्सवारोशला २८-२४ असे हरवले. तिसऱ्या विजयाच्या वेळी लुंडेने वयाची ४३ वर्षे पूर्ण केली होती. ग्यॉरविरुद्धची लढत तिच्यासाठी वेगळी होती. याच संघाला हरवून तिने पहिले युरोपीय विजेतेपद मिळवले होते, नंतर याच संघाला पहिले विजेतेपद मिळवून दिले होते आणि आता तेरा वर्षांनी ती पुन्हा त्याच्यासमोर उभी होती.

विजेता क्लब दिवाळखोरीत

वायपर्सच्या यशामागे युरोपातील नामवंत खेळाडूंच्या वेतनाचा मोठा भार होता. महिला हँडबॉलला पुरुषांच्या फुटबॉलप्रमाणे दूरचित्रवाणीच्या हक्कांतून भरघोस उत्पन्न मिळत नाही. तिकीटविक्री, स्थानिक उद्योगांचे प्रायोजकत्व आणि काही धनिक हितचिंतकांची मदत यांवर बहुतेक क्लब चालतात. मोठा प्रायोजक मागे हटला, की मैदानावरील विजय क्लबला वाचवू शकत नाहीत. वायपर्सचे आर्थिक संकट २०२४ मध्ये उघड झाले. क्लब वाचवण्याचे प्रयत्न झाले. परंतु जानेवारी २०२५ मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली. हंगाम अर्ध्यावर असताना खेळाडूंचे करार संपुष्टात आले आणि चॅम्पियन्स लीगमधील वाटचालही तेथेच थांबली.

युरोपीय महिला हँडबॉलमध्ये हा प्रकार नवा नव्हता. २०१० मध्ये लुंडेच्या विबोर्ग संघाविरुद्ध अंतिम फेरी खेळलेला ओल्टकिम वल्चा हा रुमानियन संघ त्याच नावाच्या रासायनिक कंपनीच्या आश्रयावर उभा होता. कंपनी आर्थिक अडचणीत सापडताच २०१३ मध्ये त्या संघाची वाताहत झाली. मैदानावरील सर्वोच्च पातळी आणि आर्थिक स्थैर्य यांच्यातील हे अंतर तेव्हापासून फारसे कमी झालेले नाही, याची जाणीव वायपर्सच्या अखेरीने पुन्हा करून दिली. ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकून सहा महिनेही उलटले नव्हते, तोच तिच्यावर नवा क्लब शोधण्याची वेळ आली.

लुंडेने डेन्मार्कच्या ओडेन्से क्लबकडून हंगाम पूर्ण केला आणि २०२५ च्या उत्तरार्धात सर्बियाच्या राजधानीतील रेड स्टार या क्लबशी करार केला.

अखेरची स्पर्धा

डिसेंबर २०२४ मध्ये नॉर्वेने डेन्मार्कला ३१-२३ असे हरवून युरोपीय विजेतेपद राखले आणि पंधरा वर्षांच्या सेवेनंतर हेर्गेइर्सन यांनी प्रशिक्षकपद सोडले. त्यांच्या जागी येकस्टाद यांची नियुक्ती झाली. ब्रैविक आणि हेर्गेइर्सन यांच्यानंतर लुंडेने पाहिलेले हे राष्ट्रीय संघाचे तिसरे प्रशिक्षक. जर्मनी आणि नेदरलँड्स येथे झालेल्या २०२५ च्या विश्व स्पर्धेनंतर आपण राष्ट्रीय संघातून निवृत्त होणार असल्याचे लुंडेने जाहीर केले होते. रॉटरडॅम येथील अंतिम सामन्यात नॉर्वेने जर्मनीचा २३-२० असा पराभव केला.

प्रतिस्पर्धी संघाला २० गोलांवर रोखून मिळवलेला हा विजय गोलरक्षकाच्या निरोपाला साजेसाच होता. नॉर्वेकडून सर्वाधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळण्याचा कारोलिने ब्रैवांग हिचा विक्रम लुंडेने त्यापूर्वीच मागे टाकला होता. तिच्या पदार्पणाच्या वेळी शाळेतही न गेलेल्या मुली अखेरच्या स्पर्धेत तिच्या सहकारी होत्या.

लुंडेच्या कारकिर्दीने महिला खेळाडूंच्या वयाविषयीची एक रूढ समजूत खोटी ठरवली. मातृत्व व तिशीनंतर कारकीर्द उताराला लागते, असे गृहीत धरले जाते. तिने मिळवलेल्या सातपैकी तीन चॅम्पियन्स लीग आणि तीनपैकी एक ऑलिम्पिक सुवर्णपदक ही चाळिशी ओलांडल्यानंतरची कमाई आहे.

कारकीर्द दृष्टिक्षेपात

जन्म : ३० मार्च १९८०, क्रिस्टियानसान, नॉर्वे
स्थान : गोलरक्षक
राष्ट्रीय संघ : २००२ ते २०२५
ऑलिम्पिक : सुवर्ण – २००८, २०१२, २०२४, कांस्य – २०१६, २०२० (स्पर्धा २०२१ मध्ये)
चॅम्पियन्स लीग विजेतेपद : २००९, २०१० (विबोर्ग), २०१३, २०१४ (ग्यॉर), २०२१, २०२२, २०२३ (वायपर्स)
प्रमुख क्लब : आल्बोर्ग, विबोर्ग, ग्यॉर, रोस्तोव्ह-डॉन, वायपर्स क्रिस्टियानसान, ओडेन्से, रेड स्टार